दिवसाढवळ्या

"रुईचं लगीन दुपारी बाराला. मांडव, वाजंत्री, पंगत, समदं रीतसर. आन् सगुणाचा पाट रातच्याला, निजानीज झाल्यावर," दौलतनाना ओसरीवर तात्यांना सांगत होते, आणि मी आत चुलीपुढं चहा गाळत होते.

सगुणा म्हणजे मी. आणि रुई म्हणजे बांधावर आपोआप उगवते, जिला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत, ती रुई.

आता हे सांगायला हवं, कारण माझ्या नातींना सांगितलं तर त्या हसतात. आमच्या भागात तेव्हा विधवेनं दुसरं घर केलं तर त्याला लग्न म्हणत नसत, पाट म्हणत. पाट लागायचा काळोखात. मांडव नाही, अंतरपाट नाही, मंगलाष्टका नाहीत. सवाशिणींनी तिकडं फिरकायचं नाही. पाटाच्या बाईचं तोंड तर दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत बघायचंच नाही. बघितलं तर म्हणे बघणारीचं कुंकू पुसतं. त्यातून नवरा बिनलग्नाचा असला, तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं. म्हणजे तो बिजवर झाला, आणि जे काय अरिष्ट यायचं ते झाडावर गेलं. झाडाचं लग्न मात्र खरंखुरं, भर दुपारी, चारचौघांत.

माझा पहिला नवरा किसन दुष्काळात विहीर खणताना दरडीखाली गेला. तेव्हापासून मी माहेरी तात्यांच्या अंजिराच्या बागेत राबत होते. कुणाच्या अध्यात नव्हते की मध्यात नव्हते असं म्हटलं असतं, पण माझी जीभ लहानपणापासून तिखट. ओढ्यापलीकडच्या वाडीचा गेनू सडकेवर वडाखाली अंजिराच्या करंड्या घेऊन यायचा, मीही यायचे. ट्रक यायची वाट बघता बघता बोलणं झालं. एक दिवस तो करंडीवर पानं झाकता झाकता, माझ्याकडं न बघता म्हणाला, "माझ्या घरी येशील का नांदायला?" मी म्हटलं, "विचार करते." विचार कसला करते! होय म्हणायला जीभ अडली एवढंच.

तर मी चहा घेऊन ओसरीवर आले. दौलतनाना म्हणजे आमच्या भावकीतला थोरला माणूस, दोन्ही वाड्यांच्या सोयरिकी जुळवणारा. त्यांच्यापुढं कप ठेवला आणि विचारलं, "नाना, रुईला बाराचा मुहूर्त कुणी काढला?"

"वाडीच्या गुरवानं. का गं?"

"मग त्यातच माझंबी उरकून घ्या. मांडव हाय, वाजंत्री हायती. रुईला जरा सरकून उभी करा."

नानांच्या हातातला चहा बशीत सांडला. "दिवसाढवळ्या पाट? सगुणे, दिवसाढवळ्या दरोडा पडतो, मुडदा पडतो. पाट लागत न्हाई."

लोक हा शब्द नेहमी असाच काढतात. दिवसाढवळ्या कुणी कुणाचं भलं केलं, असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

"मी काय चोरी करतीया का नाना, काळोखात जायला?"

"सगुणा, आत जा," तात्या म्हणाले. माझे वडील वाईट नव्हते, भित्रे होते. मला पुन्हा घर मिळतंय यातच त्यांना सगळं आलं होतं. "मिळतंय ते पदरात पाडून घे, पोरी. उगं फाटे फोडू नगं."

मी आत गेले. पण आत जाणं आणि ऐकणं यात फरक आहे.

परसात भागूआत्या बसली होती. ही तात्यांची धाकटी बहीण, चार दिवस माहेरी आलेली. ती ऐन विशीत पाटानं दिलेली. नवरा जिवंत, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, पण कुणाच्या हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसे. लग्नघरी आत्या कुठं, तर चुलीपाशी. अक्षतांचं ताट फिरायचं ते तिच्यापर्यंत यायचं आणि वळायचं. तिचं नाव भागीरथी, पण सासरच्या गावात तिला नाव नव्हतंच, 'पाटाची' म्हणायचे. "पाटाचीला सांग भाकरी टाकायला." मी हे डोळ्यांनी बघितलं होतं आणि मला ते व्हायचं नव्हतं. बाकी काही मला नको होतं, ना शालू ना सोनं. एवढंच.

"आत्या, तुला कसं नेलं गं?"

आत्या शेंगा निवडत होती. ती हे कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"घोंगडीत गुंडाळून नेली. पायाखालचं दिसंना, दोनदा ठेचकाळले. मागल्या दाराशी गेल्यावर सासूनं हातातली चिमणी फुकली. म्हनली, आता ये. काळोखात मी कुठं पाय टाकला, कुणाला दिसलं न्हाई, मलाबी न्हाई." तिनं एक किडकी शेंग लांब भिरकावली. "त्या घरात येऊन मला इतकी वर्सं झाली सगुणा, पर मी आलेली अजून कुणी बघितलीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी वडाखाली गेनूला गाठलं आणि सरळ सांगितलं, की मी रात्री येणार नाही.

गेनू हा मोठा गोड माणूस, पण आईपुढं त्याची वाचा बसायची. ठकूबाई त्याची आई. तिची तीन लेकरं गेली, चौथा हा जगला. त्याला साधी शिंक आली तरी ती मीठमोहऱ्या ओवाळायची.

"आईला लई भ्या वाटतंय गं," तो म्हणाला. "ती म्हनती, उजेडात केलं तर तुजा मेलेला पहिला नवरा बघंल. काळोखात त्याला कळायचं न्हाई."

"आन् तुमाला काय वाटतं?"

"मला काय, तू आलीस म्हंजी झालं. दिवसा ये न्हाईतर राती ये."

"मला न्हाई तसं वाटत," मी म्हटलं. "तुमी झाडासंगं उन्हात उभं ऱ्हानार, अंगाला हळद लावून. लोक अक्षता टाकनार. आन् मी घोंगडीत. मग तुमची बायको कोन? मी का रुई?"

तो मान खाली घालून करंडीची दोरी आवळत राहिला. इतकी आवळली की करंडीचा काठ मोडला. त्या वेळी मला त्याचा असा राग आला होता की सांगता सोय नाही.

तरी मी नाही म्हटलं नाही. का म्हणू? माणूस मला हवा होता. वेळ तेवढी नको होती.

ठरल्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. नवरीकडच्यांनी ओढ्याच्या अलीकडं एका खोपीत थांबायचं, दिवस बुडाला की मला पलीकडं न्यायचं, असा नानांचा बेत. मी आणि आत्या खोपीत बसलो. आणि तात्या? तात्या गेले पलीकडं. नवऱ्याकडच्यांनी अगत्यानं बोलावलं होतं, नाही कसं म्हणायचं? माझा जन्मदाता बाप रुईच्या लग्नाला जेवायला गेला!

मग वाजंत्री सुरू झाली. सनई, वर ताशा. खोपीच्या कुडातून पलीकडचा बांध दिसत होता. बांधावर चार बांबूंचा मांडव, आंब्याचे टहाळे, माणसांची गर्दी. मांडवाच्या मधोमध रुई. तिला हिरवा खण नेसवलेला, फांद्यांत हिरव्या बांगड्या अडकवलेल्या, वर मुंडावळ्या. ऊन असं स्वच्छ पडलं होतं की बांगडी न् बांगडी चमकत होती.

ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले.

"कुठं?" आत्यानं विचारलं.

"सवतीला बघून येते."

"थांब."

मला वाटलं, ही आता हात धरणार, रीत सांगणार. मी तोंडावर पदर ओढला होता, तो तिनं एका झटक्यात मागं टाकला.

"तोंड झाकून जाऊ नगं. झाकलंस तर कुनाला वळखू येनार न्हाई, आन् पाव्हनी समजून धरून बसवतील. उघड्या तोंडानं जा. पाटाची बाई दिसली की समद्या जनी पाठ फिरवत्यात. मला इचार. आयुष्यभर पाठीच बघितल्यात मी." मग ती स्वतःच पुढं झाली. "चल. मीबी येते."

ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं. आम्ही ते ओलांडलं आणि बांध चढलो, तोवर गुरवानं मंगलाष्टका सुरू केल्या होत्या. दोन मामा अंतरपाट धरून उभे होते. त्याच्या एका अंगाला हळदीनं पिवळाजर्द झालेला गेनू, हातात हार, आणि दुसऱ्या अंगाला ती.

पहिल्यांदा मला बघितलं नानांच्या बायकोनं. "अगं बया!" असं काहीतरी ओरडून तिनं डोळ्यांवर पदर घेतला आणि गर्रकन पाठ फिरवली. मग तिच्या शेजारणीनं. मग शेजारणीच्या शेजारणीनं. बायकांची अख्खी रांगच्या रांग पाठमोरी झाली, आणि मधून मला सरळ वाट पडली. एवढी ऐसपैस वाट मला जन्मात कुणी दिली नव्हती. पुरुष एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. पाट लागायच्या आधी मला शिवायचं नाही, म्हणून हात धरून मागं ओढायला कुणी धजेना.

"अरं अडवा तिला!" नाना ओरडत होते, स्वतः मात्र दोन पावलं मागं सरकत. "गुरव, थांबवा ते!"

पण मंगलाष्टका एकदा तोंडातून सुरू झाल्या की मध्ये तोडत नाहीत, तोडल्या तर जोडप्यावर येतं. गुरव बिचारा काय करील? त्यानं डोळे गच्च मिटले आणि आणखी वरच्या पट्टीत सुरू केलं. अंतरपाट धरलेल्या मामांनाही तो खाली टाकता येईना. रीत सांभाळता सांभाळता सगळी जागच्या जागी अडकली होती.

मी जाऊन रुईच्या पुढं उभी राहिले. तिला पाठ लावून. मागून तिच्या बांगड्या कमरेला टोचत होत्या. माझ्या अंगाला हळद नव्हती, साडी रोजचीच, निळ्या काठाची, खालून ओढ्यात भिजलेली. डोक्यावर मात्र भर दुपारचा सूर्य होता आणि तो सगळ्यांना सारखाच लागत होता.

'सावधान' झालं. अंतरपाट खाली आला.

गेनूनं मला बघितलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं. बायकांच्या पाठी, पुरुषांचे डोळे, ताशेवाल्याच्या टिपऱ्या हवेत. त्यानं हार घालायला हात उचलले होते ते तसेच राहिले. आणि मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. तोवर नुसता राग होता. त्यानं आता मला वळसा घालून तो हार झाडाला घातला, तर मी कुठल्या तोंडानं त्या बांधावरून खाली उतरणार होते? रात्रीचा पाटही गेला असता आणि दिवसाची अब्रूही.

"गेनू, झाडाला घाल!" ठकूबाई मागून ओरडली. ती विधवा, तिला माझ्याकडं बघायची बंदी नव्हती. ती सरळ माझ्याकडं बघत होती आणि तिचा आवाज चिरकला होता. "लेका, झाडाला घाल हार! जिवावर बेतंल रं!"

गेनूनं आईकडं बघितलं. मग माझ्या डाव्या खांद्यावरून बघितलं, मग उजव्या खांद्यावरून.

"आई," तो म्हणाला, "झाड दिसतंच न्हाई. हिनं समदं झाकलंय."

आणि त्यानं हार माझ्या गळ्यात घातला. अजून कधी विषय निघाला की हे तेच सांगतात, झाड खरोखर दिसत नव्हतं म्हणून. दिसत नव्हतं कसं? माझ्या डोक्यावर हातभर वर होतं!

कुणी अक्षता टाकीना. सगळ्यांच्या मुठी भरलेल्या, पण मुठी मिटलेल्या. खाली ओढ्यात म्हैस डुंबत होती ती ऐकू येत होती. मग भागूआत्या पुढं आली. तिला अक्षता कुणी दिल्या नव्हत्या, देणारही नव्हते. तिनं गुरवापुढच्या ताटात दोन्ही हात घातले, ओंजळ भरून घेतली आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर टाकली. पाटानं गेल्यापासूनच्या तिच्या त्या पहिल्या अक्षता. टाकताना ती रडत होती, आणि मी तिला रडताना त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

पुढचं मात्र बघण्यासारखं झालं. अक्षता मुठीत घेतल्या की घरी माघारी न्यायच्या नसतात. बायकांना तेही चुकवता येईना. मग त्या पाठमोऱ्याच, न बघता, खांद्यावरून मागं फेकू लागल्या. निम्म्या रुईवर गेल्या, काही नानांच्या टोपीवर, काही ताशेवाल्याच्या डोळ्यांत. त्यानं चिडून ताशा बडवायला घेतला, आणि अशी माझ्या लग्नाची वाजंत्री वाजली. गर्दीत तात्या दिसले. ते मान खाली घालून उभे होते, पण पाठ फिरवून नव्हते. त्यांच्या हातात अक्षता उरल्या नव्हत्या, एवढं मी बघून घेतलं.

आम्ही घराकडं निघालो. ठकूबाई पुढं धावत गेली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती दारात उभी, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना. ऊन कलायला लागलं होतं, पण अंगणभर होतं.

"आत्ता न्हाई," ती म्हणाली. "झालं ते झालं. पर आता दिवस बुडू दे. मागल्या दारानं घेते."

"मामी, मागल्या दारानं मी येनार न्हाई."

"आगं, तुला कळत कसं न्हाई? झाडावर जायचं व्हतं ते तू माज्या लेकावर आनलंस. तुजा पहिला आत्ता बघत आसंल. काळोखात आलीस तर त्याला दिसायचं न्हाई."

मला तिचा राग यायला हवा होता, पण आला नाही. बाई आडमुठी नव्हती, घाबरलेली होती. तरीही मी मागं सरले नाही.

"मामी, त्यो जिता हुता तवा त्याच्यापासनं मी काय लपवलं न्हाई. आता मेल्यावर काय लपवू? तोंड लपवून काळोखातनं आले तरच त्यो म्हनंल, हिनं कायतरी वंगाळ केलं. त्याच्या देखत आलीया. बघू दे त्याला."

"बोलायला सोपं हाय."

"मग मी हितं अंगनात बसते. दिवस हाय तवर बसते. दिवस बुडाला की आल्या वाटंनं माघारी जाते. राती ह्या घरात पाय टाकायची न्हाई, ना फुडनं, ना मागनं."

असं म्हणून मी खरोखर अंगणात बसले. गेनू माझ्याकडं बघत उभा राहिला, आईकडं बघितलं, आणि मग तोही हळद लागलेलं धोतर सावरत माझ्या शेजारी मातीत बसला. त्याला बोलता येत नव्हतंच, बसता येत होतं.

मग ठकूबाईचा आवाज एकदम खाली आला.

"मला ह्यो एकलाच ऱ्हायलाय गं."

"मलाबी आता ह्यो एकलाच हाय, मामी," मी म्हटलं.

दोघींनी माणसं मातीत घातलेली होती. ठकूबाईनं पदरानं डोळे पुसले, मग एक हात चौकटीवरून काढला, मग दुसरा, आणि अंग चोरून बाजूला झाली. ये म्हणाली नाही.

न म्हणेना का! मी उठले, साडीची माती झाडली आणि तरातरा जाऊन उंबऱ्यावर पाय टाकला.

"डावा!" सासू एवढ्यांदा ओरडली की मी दचकलेच. "डावा काय टाकतीस? उजवा टाक आधी, उजवा! गावादेखत इतक्या उजेडाची आलीयास, निदान पाय तरी बघून टाक!"

मी पाय मागं घेतला, आणि उजवा टाकला.